हळदीची बटणं

"या शाळेत बायामाणसांची मुंडकी तोडून फळीवर मांडून ठेवलीत, अशी वर्दी आलीया," दारात उभा राहून हवालदार म्हणाला.

मुतालिक सर माझ्या चित्रातला हात दुरुस्त करत होते, ते ताडकन उठून उभे राहिले. निळा पोशाख, अर्धी चड्डी, डोक्याला पिवळी चपटी टोपी, हातात काठी. त्या काळी पोलिसांचा वेष असाच असायचा. सर गडबडून सांगायला लागले, की ती मुंडकी प्लास्टरची आहेत, मुलांच्या अभ्यासासाठी आणली आहेत, हवं तर बिल दाखवतो. हवालदार फळीपाशी गेला. तिथल्या एका गोऱ्यापान बाईच्या नाकावर त्यानं टिचकी मारली, खिशातनं चोपडी काढली आणि हिचा नवरा कुठं असतो, असं विचारलं. कुणाला ठाऊक नाही म्हटल्यावर म्हणाला, "बायको हरवून वर्सं झाली आन् तक्रार न्हाई. मग त्योच."

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. हा बहुरूपी. सगळा वर्ग खो खो हसला, सरही हसले. पण आधी ते उठून उभे राहिले होते, हे आम्ही बारा जणांनी पाहिलं होतं आणि आम्ही पाहिलं हे त्यांनी पाहिलं होतं.

ही गोष्ट कोल्हापूरची, सदुसष्ट सालची. मी मालन इंगवले, चित्रशाळेच्या दुसऱ्या वर्षाला, वर्गातली एकटी मुलगी. आता माझे गुडघे बोलतात आणि नातवंडं ऐकत नाहीत, पण त्या आठवड्यातला एकेक दिवस मला आजही पाठ आहे. कारण त्या आठवड्याच्या शेवटी माझा निकाल होता. वार्षिक प्रदर्शनातली चित्रं पाहून सर दोन याद्या करत. ज्यांचा हात चांगला ते पेंटिंगच्या वर्गात, उरलेले ड्रॉइंग मास्तरच्या कोर्सला. पेंटिंगला जागा सहाच. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की मुलीच्या जातीला मास्तरकी काय वाईट, शाळेत नोकरी लागेल, सुट्ट्या मिळतील. ते वाईट मनानं बोलत नव्हते. पण मला चित्रकार व्हायचं होतं, जेवताना-झोपताना दुसरं काही सुचत नव्हतं, आणि प्रदर्शनासाठी माझ्याकडं एकही धड चित्र तयार नव्हतं. रविवारी प्रदर्शन आणि हा सोमवार.

बहुरूपी फाटकाबाहेर पडला तशी मी मागनं धावले. म्हटलं, मामा, बसाल का माझ्यासमोर, तुमचं चित्र काढते. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हवालदाराच्या आवाजातच विचारलं, की किती वेळ लागेल. मी म्हटलं, रोज दोन तास, पाच-सहा दिवस.

त्यानं टोपी काढली, घाम पुसला आणि सरळ माणसासारखा बोलायला लागला. म्हणाला, असं जमायचं नाही. एका गावात एक सोंग एकदाच. आज हवालदार, उद्या पोथीवाला बुवा, परवा आणखी कुणी. तेच सोंग पुन्हा घेतलं तर लोक म्हणतील, याच्या गाठोड्यातलं संपलं. सहा दिवस सहा सोंगं, आणि सातव्या दिवशी आपल्या खऱ्या कपड्यात येऊन, नाव-गाव सांगून बिदागी मागायची, अशी त्यांची वाडवडलांपासूनची रीत. तोवर नावसुद्धा सांगायचं नाही.

"हवालदार आजच्या दिस हाय," तो म्हणाला. "उन्हं कलली की मला निघाया पायजे. तवर काय करायचं ते करा."

म्हणजे एकच बैठक. आमच्या शाळेत एका चित्राला तीन आठवडे लागत. आधी पेन्सिलनं रेखाटन, मग तपकिरी रंगात उजेड-सावलीची सगळी घडण, ती वाळली की रंग, मग फिनिशिंग. सरांचं फिनिशिंग म्हणजे विचारूच नका. त्यांनी काढलेल्या शालीच्या जरीत धागे मोजता येत. संस्थानातल्या बड्या मंडळींनी त्यांच्याकडनं तसबिरी करून घेतल्या होत्या.

पण मी गुपचूप एक गोष्ट पाहून ठेवली होती. शाळेच्या कपाटात परदेशी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि त्यात इंप्रेशनिस्ट म्हणवणाऱ्या चित्रकारांची चार-पाच रंगीत पानं. त्यातलं एक चित्र सर्कशीतल्या विदूषकाचं. जवळनं बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे, ना नाक ना डोळा. पुस्तक लांब धरलं की तो उन्हात बसलेला, दमलेला विदूषक समोर यायचा. सरांना विचारलं तर म्हणाले, ती मंडळी घाईत असतात, ते पान उलट. मी पान उलटलं, पण तो विदूषक काही डोळ्यांसमोरनं हलला नाही.

आता घाई माझ्या वाट्याला आली होती. शाळेच्या भिंतीला लागून दगडी कट्टा होता, त्यावर भर उन्हात मी बहुरूप्याला बसवलं, काठी मांडीवर आडवी. रेखाटन केलंच नाही. थेट रंग घेतला आणि जे दिसलं ते ठेवत गेले. निळा, त्यावर ओला असतानाच दुसरा निळा, टोपीचा पिवळा, गालावरचा तांबूस, कट्ट्याचा पांढरटपणा. ऊन सरकत होतं, त्याच्यामागं माझा हात पळत होता. तो मधूनच रस्त्यानं जाणाऱ्या सायकलवाल्याला दरडावायचा, सायकलवाला खरोखर उतरून चालायला लागायचा, आणि मग याच्या मिशीखाली हसू यायचं. ते हसू मी तीन फटकाऱ्यांत धरलं. छातीवर बटणं होती तिथं पिवळ्या रंगाचे पाच ठिपके दिले आणि पुढं गेले.

उन्हं कलली. तो उठला, चित्राजवळ आला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. मान दोनदा हलवली आणि काठी आपटत निघून गेला. मी तिथंच कट्ट्यावर बसले. इतका आनंद झाला होता की मला रडायलाच आलं. असं काही माझ्या हातनं आधी झालं नव्हतं.

मंगळवारी सरांनी चित्र पाहिलं. नाकाला नाक लागेल इतक्या जवळनं. आमच्याकडं चित्र तसंच तपासत.

"सुरुवात बरी आहे," ते म्हणाले. "आता पुरं कर."

मी म्हटलं, "सर, पुरं झालंय."

सरांनी चष्मा काढला. अगदी शांतपणे म्हणाले, की या ठिपक्यांना बटणं म्हणत नाहीत, या पट्ट्याला बक्कल नाही, टोपीची शिवण कुठं आहे. हॉलमध्ये अपुरं चित्र लागणार नाही, आणि जे हॉलमध्ये नाही ते यादीसाठी धरलं जाणार नाही. गुरुवारपर्यंत वेळ आहे.

घरी आईला सांगितलं. आई शिवणकाम करायची. ती मशीनवरनं मान न उचलता म्हणाली, सर म्हणतात तर लाव की चार बटणं, त्यात काय जातंय तुझं. तिचंही बरोबरच होतं म्हणा. काय जातंय हे मला तरी कुठं सांगता येत होतं.

पण बटणं आणायची कुठनं? बहुरूपी त्या दिवशी बुवा होऊन गावात फिरत होता. हवालदार काही परत येणार नव्हता. मग मला शहाणीला युक्ती सुचली. आमच्या शेजारी चौगुले मामा राहायचे, ते खरेखुरे पोलीस. चौगुले मामींकडनं मी धुतलेला पोशाख मागून आणला, खुंटीला अडकवला आणि बुधवारी दिवसभर त्याच्यासमोर बसले. पितळी बटणं मामींनी चिंचेनं घासून लख्ख केली होती. प्रत्येक बटणावरचा उजेड काढला, काज काढलं, पट्ट्याचं बक्कल काढलं, टोपीची शिवण काढली, खांद्यावरचा नंबरसुद्धा काढला. निळा सगळा गुळगुळीत करून टाकला. संध्याकाळी सर येऊन बघून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवून शाबास म्हणाले. घरी जाताना मी आईला पेढे नेले.

गुरुवारी सकाळी शाळेत डॉक्टर आला. पांढरा कोट, गळ्यात रबरी नळी, नळीच्या टोकाला चहाच्या डब्याचं झाकण. आल्या आल्या त्यानं दोन पोरांच्या जिभा बघितल्या, एकाला लग्नाचं औषध लिहून दिलं आणि मग माझ्या ईझलपाशी आला. चित्राकडं बघितलं. त्याचं तोंड उतरलं. त्यानं ते झाकण चित्राच्या छातीला लावलं, बराच वेळ ऐकलं.

"ठोका लागत न्हाई," तो म्हणाला.

वर्ग हसला. मी नाही हसले. हळूच म्हटलं, "मामा, नीट सांगा. काय झालं?"

तो माझ्या शेजारी खाली बसला. डॉक्टरचा आवाज गेला.

"ताई, ह्यो कोन?"

"तुम्हीच की."

"मी न्हवं. ह्यो खरा पोलीस हाय. माझ्या सदऱ्याला बटणं कुठं हुती?"

मी म्हटलं, होती की, पिवळी, मी पाहिली. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि सांगितलं. सदरा जुना, बायकोनं निळीत बुडवलेला. बटणं म्हणजे चुन्यात हळद कालवून बोटानं लावलेले पाच ठिपके. टोपी पुठ्ठ्याची, तीही हळदीनं रंगवलेली. पट्टा सायकलच्या टायरचा. नंबर नव्हताच.

"लांबनं मानूस येतोय, त्याला येवढंच दावायचं," तो म्हणाला. "बाकीचं त्योच बगतो. म्या समदं लावलं तर त्यानं काय बघावं? तुमी सोमवारी माझं सोंग काढलं हुतंसा. मला वाटलं, ह्या पोरीला आपला धंदा कळतो. आता ह्यो कुनीबी पोलीस झाला."

मी एका बहुरूप्याचं चित्र काढलं होतं आणि नंतर ते चौगुले मामांच्या कपड्यांनी झाकून टाकलं होतं. मी त्याला सरांच्या यादीबद्दल सांगितलं, हे असंच राहिलं तर मला जागा मिळेल आणि खरवडलं तर मिळणार नाही, तेही सांगितलं. वाटलं, तो म्हणेल राहू द्या, किंवा म्हणेल खरवडा. तो दोन्ही म्हणाला नाही.

"ते तुमचं तुमी बगा. इचारलंसा म्हनून बोललो," इतकंच म्हणून त्यानं झाकण खिशात टाकलं आणि पुढच्या गल्लीत पेशंट शोधायला गेला.

दुपारभर मी त्या चित्रासमोर बसून राहिले. मला जागा हवी होती हो. पण त्या गुळगुळीत माणसाकडं बघवेना. शेवटी पॅलेट नाइफ घेतली आणि कालचा सगळा ओला रंग खरवडून काढला. बटणं, बक्कल, शिवण, नंबर, सगळं गेलं. खालचा सोमवारचा रंग चिकट झाला होता, तो बराचसा राहिला; जिथं निघाला तिथं डोळे मिटून ते ऊन आठवलं आणि पुन्हा ठेवला. बटणांना ब्रश घेतलाच नाही. पिवळ्यात तर्जनी बुडवली आणि त्यानं सकाळी लावली असतील तशी पाच बोटं उमटवली.

शुक्रवारी सर चित्रासमोर उभे राहिले तेव्हा मी जमिनीकडं बघत होते. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, मी. त्यांना राग आला नसता तरच नवल. पण ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, की परवा मी तुला शाबास म्हटलं होतं, इंगवले. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. चित्र हॉलच्या मागच्या बोळात लावायला सांगून ते निघून गेले. जेमतेम चार फुटांचा तो बोळ, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला परसात उघडणारं दार, आणि शेळ्या येतात म्हणून ते दार कायम बंद. तिथं चित्र बघायचं म्हणजे सरांसारखंच नाक लावून बघावं लागे.

रविवारी हॉल माणसांनी भरला. फुलांचे हार, अत्तर, चहा. माझं चित्र पाहायला दोघं-तिघं चुकून गेले आणि हे काय म्हणून परत आले. आई आली, तिनं नुसता माझा हात धरला. सर हॉलमधल्या चित्रांपुढनं यादीचा कागद घेऊन हळूहळू फिरत होते. पाच नावं झाली होती.

तेवढ्यात माझ्यापुढं एक माणूस येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, साधा सदरा, डोक्याला पटका, केस कानाजवळ पिकलेले. मी ओळखलं नाही. विचारलं, कोण हवंय आपल्याला? तो हात जोडून म्हणाला, "रायभान बहुरूपी. सा दिस तुमच्या गावात खेळलो, आता निरोप घ्याया आलोय."

सोंगातला तो मी ओळखला आणि खरा माणूस समोर आला तर ओळखला नाही, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो खूश झाला. त्यानं चित्र कुठं आहे विचारलं. मी त्याला बोळात नेलं. तिथं त्यानं बंद दाराला पाठ लागेपर्यंत मागं सरून बघितलं, मान वाकडी करून बघितलं, जमेना. मग सरळ मागच्या दाराची कडी काढली आणि दार सताड उघडलं. परसातला उजेड आत आला. रायभान पाठमोरा चालत उंबऱ्याबाहेर गेला, दहा पावलं, पंधरा पावलं, पार कडेच्या भिंतीला टेकला आणि तिथनं मला हात केला.

मी गेले. तिथनं वळून बघितलं. दाराच्या चौकटीत, कट्ट्यावर, काठी मांडीवर घेऊन हवालदार बसला होता. बटणं चमकत होती. तो आत्ता काहीतरी चावट बोलणार होता.

"दार कुणी उघडलं?" सर ओरडतच बोळात आले. "धूळ येईल हॉलमध्ये."

मी दाराकडं धावणार होते. रायभाननं मला थांबवलं आणि तिथनंच सरांना म्हणाला, "सर, रागावू नगा. येक डाव हितं या."

सर धोतर सावरत बाहेर आले, तावातावात. भिंतीपाशी पोचले, दार लावून घ्या म्हणून सांगायला वळले आणि दाराकडं बोट केलेला हात तसाच राहिला. हॉलमधनं कपबश्यांचा आवाज येत होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग शेजारी उभ्या असलेल्या पटकेवाल्याला विचारलं, आपण कोण. तो म्हणाला, त्यो तितं बसलाय त्योच मी. सरांनी त्याच्याकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, पुन्हा त्याच्याकडं बघितलं.

"इंगवले," ते म्हणाले, "त्याच्या पायाशी जी सावली आहे, ती कशानं केलीस?"

"निळा, सर. आणि थोडा किरमिजी."

"आणि काळा?"

सावलीला काळा आणि तपकिरी, हा आमच्या शाळेचा पहिला धडा. तो सरांनीच शिकवलेला. पण खोटं कशाला बोलायचं.

"काळा घेतलाच नाही, सर. फार ऊन होतं. मला काळं कुठं दिसलंच नाही."

सरांनी हातातला यादीचा कागद उघडला, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सहाव्या ओळीत माझं नाव लिहिलं. उद्या सकाळी आठला पेंटिंगच्या वर्गात यायचं, उशीर चालणार नाही, असं म्हणाले. मला वाकून नमस्कार करायचंही भान राहिलं नाही. रायभाननंच मला कोपरानं ढोसलं.

मी वाकले तेव्हा सरांनी मला आशीर्वाद दिला नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. ते खाली, परसातल्या पांढऱ्या मातीवर पडलेल्या स्वतःच्या सावलीकडं बघत होते. एक पाऊल बाजूला सरकले, सावली सरकली. आणखी थोडं वाकून त्यांनी बघितलं. तीस वर्षं चित्रकला शिकवलेला तो म्हातारा माणूस लहान मुलासारखा गुडघ्यांवर हात टेकून उभा होता.

"निळीच आहे गं," ते म्हणाले.